मदत हवी आहे: कंपनीने परत घेतलेली स्पोर्ट्स कार घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

मी फ्रीमाँट, कॅलिफोर्नियात राहतो. दोन सीटांची, मॅन्युअल गिअरची एक २०२१ची गाडी पाहिली आहे. अशी गाडी घ्यायचं कॉलेजपासून मनात होतं. किंमत बाजारभावापेक्षा साधारण २० टक्के कमी. कारण टायटलवरच (गाडीच्या मालकीच्या कागदावर) आहे, 'लेमन लॉ बायबॅक', म्हणजे दुरुस्त करूनही दोष न गेल्यामुळे कायद्यानुसार कंपनीने परत विकत घेतलेली गाडी. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरही तसं स्टिकर आहे.

पहिल्या मालकाची तक्रार होती की गाडी थंड असताना दुसरा गिअर पडत नाही. कंपनीने गाडी परत घेतली आणि गिअरबॉक्स बदलला, असं डीलर म्हणतो. इथल्या कायद्याने मूळ दोष आणि केलेली दुरुस्ती लेखी सांगावी लागते, शिवाय त्या दोषावर किमान १ वर्षाची वॉरंटी द्यावी लागते. तो कागद मी मागितलाय, अजून हातात आलेला नाही. तो आल्याशिवाय मी सही करणार नाही, हे नक्की.

टेस्ट ड्राइव्ह छान झाली, पण इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं होतं. ते मला खटकलं. आता शनिवारी सकाळी थंड गाडी चालवून बघणार आहे.

कुणी अशी गाडी घेतली आहे का? विकताना किती फटका बसला? विम्याच्या दाव्यात किंमत कमी धरली का? आणि बे एरियात मॅन्युअल गिअरबॉक्स जाणणारा, डीलरशी संबंध नसलेला मेकॅनिक माहीत असेल तर कृपया सुचवा. तपासणीचे पैसे द्यायला माझी हरकत नाही.