पार्किंगमध्ये गाडी ठोकली: चूक कोणाची? तुमचे अनुभव लिहा

रानजाई:
काल सोसायटीच्या बेसमेंटमध्ये शेजारची मुलगी रडत उभी होती. लायसन्स मिळून जेमतेम दोन महिने झालेत. ती सरळ येत होती, एक काका मागे न बघता रिव्हर्समध्ये बाहेर आले आणि तिच्या दाराला लागले. वर आवाज काकांचाच, "आधी शिका, मग गाडी बाहेर काढा!" मला एकदम २००९ आठवलं. नाट्यगृहाचं पार्किंग, प्रयोग सुटलेला, सगळ्यांना घाई. मी आणि समोरच्या रांगेतले एक गृहस्थ, दोघांनी एकाच वेळी गाडी मागे घेतली आणि मधोमध बंपरला बंपर. चूक दोघांची, नाही का? पण ते ओरडले, चार माणसं जमली, "बाई चालवत होत्या" असं कोणीतरी म्हणालं आणि झाला निवाडा. मी दोन हजार काढून दिले. माझाही मागचा दिवा फुटला होता, त्याचं कोणी विचारलंही नाही. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

दुपारचा_चहा:
अगं बाई. आमच्याशी भांडायलाही कोणी नव्हतं. मॉलमधून आलो तर डावं दार चेपलेलं. चिठ्ठी नाही, नंबर नाही, कॅमेरा म्हणे बंद. पावतीमागे "वाहने मालकाच्या जबाबदारीवर". दूध उतू जातंय, येते नंतर.

गोदाकाठ:
ती मुलगी चुकलेली नाही, तिला सांगा. मागे कोणाला धोका नाही याची खात्री रिव्हर्स घेणाऱ्यानेच करायची, २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्येच आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, तेव्हापासून लोकांनी मान वळवणंच सोडलंय. सेन्सर पाठीमागचं सांगतो, बाजूने येणारी गाडी त्याला कुठली कळायला!

चाफेकळी:
"येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या..." धाडकन. मग "बस बस". मंगल कार्यालयातले पार्किंगवाले आजोबा होते. मागे लोखंडी खांब, डिकी आत गेली. नवरा चिडला, पण त्या आजोबांचे हात थरथरत होते, "ताई, मॅनेजरला सांगू नका, पगारातून कापतील" म्हणाले. स्टिअरिंग आमच्या हातात होतं, त्यांच्या नाही. आम्ही गुपचूप निघालो.

दुपारचा_चहा:
चाफेकळी, बरं केलंत गं. डोळ्यांत पाणी आलं.

वाळवंटातली_मी:
इथे दुबईत पोलीस रिपोर्टशिवाय गॅरेजवाले गाडीला हातच लावत नाहीत, साधा ओरखडा असला तरी. त्यामुळे चूक कोणाची ते कागदावर ठरतं, आवाजावर नाही. माझ्या वेळी पोलीस शांतपणे बोलले, मला हिरवा कागद मिळाला, म्हणजे माझी चूक नाही. पहिल्यांदा कोणीतरी नीट ऐकून घेतलं असं वाटलं.

हिशेबनीस:
घाईत क्लेम करू नका. पाच वर्षं क्लेम नसेल तर एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट) ५० टक्के असतो, एका क्लेमने पुढच्या रिन्यूअलला शून्य. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला क्लेममधले पहिले हजार रुपये आपलेच जातात. आधी डेंटिंग-पेंटिंगचा भाव काढा.

गोदाकाठ:
नाशकात चांगला डेंटिंगवाला कोणी सुचवेल का? मागच्या वेळच्याने रंग मॅच केला नाही, उन्हात दार वेगळंच दिसतं.

चाफेकळी:
रानजाई, नाटक कुठलं होतं?

रानजाई:
नाटकाचं नाव गेलं डोक्यातून, त्या माणसाचा आवाज राहिलाय.

अबोली:
मी ठोकून निघून गेले होते. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, आई आत आयसीयूत. पांढरी गाडी, आरसा लोंबकळत राहिला. चिठ्ठी लिहायला पेनही शोधलं नाही. आठ वर्षं झाली. वरची "नंबर नाही" ओळ वाचून राहवलं नाही.

दुपारचा_चहा:
अबोली, आई कशा आहेत आता?

अबोली:
नाही राहिली गं.

रानजाई:
अबोली, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते तुला.
बेसमेंटचं फुटेज मिळालंय. आज सातला सेक्रेटरींकडे बसायचंय. मुलीची आई एकटीच आहे, मी सोबत जातेय.