मदत हवी आहे : काउआईचा नापाली किनारा पायी पाहावा की बोटीतून?

नमस्कार. आम्ही पती-पत्नी डिसेंबरमध्ये हवाईतील काउआई बेटावर जात आहोत. नापाली किनाऱ्यावरची 11 मैलांची संपूर्ण कालालाऊ पायवाट चालण्याची आमची ताकद नाही. 2 मैलांवरील हानाकापिआई या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाऊन परतावे, एवढाच बेत आहे. मात्र डोंगरात पाऊस झाला की तेथील ओढा पाहता पाहता फुगतो, आणि हिवाळ्यात उत्तर किनाऱ्यावरील समुद्रही खवळलेला असल्याने बोटीचा पर्याय कितपत भरवशाचा, हे कळत नाही. (त्यातून पत्नीला बोट लागते!) ही पायवाट जेथून सुरू होते त्या हाएना उद्यानाचा प्रवेश आगाऊ आरक्षित करावा लागत असल्यामुळे दिवस लवकर ठरवणे भाग आहे. त्या निसरड्या, तांबड्या चिखलात कोणते बूट टिकतात आणि ओढा ओलांडण्याजोगा आहे हे कशावरून ओळखावे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.