अनुभव धागा: एक कार्यालय, दोन मस्टर

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर 14 वर्षं काम करतेय. माझ्या मागच्या लोखंडी कपाटात वरच्या दोन कप्प्यांत सेवापुस्तकं आहेत. पहिल्या पानावर फोटो, बोटांचे ठसे, उंची, अंगावरची ओळखखूण. पुढे त्या माणसाची सगळी नोकरी: रुजू दिनांक, वेतनवाढी, रजा, बदल्या. खालच्या कप्प्यात एकच बॉक्स फाईल आहे, पाठीवर मार्करने 'कंत्राटी' लिहिलेली. आत 11-11 महिन्यांचे आदेश टाचलेले. जे एजन्सीकडून आलेत त्यांचा तर आदेशही नाही, बिलासोबत येणारं हजेरीपत्रक तेवढं.

गेल्या महिन्यात आमच्याकडची डेटा एंट्री ऑपरेटर कर्जासाठी अनुभवाचा दाखला मागायला आली. 9 वर्षं ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. मी दाखला टाइप करायला घेतला, तर साहेब म्हणाले, "आपल्याला देता येणार नाही, ती एजन्सीची आहे. त्यांच्याकडून घ्यायला सांगा." या 9 वर्षांत 4 एजन्सी झाल्या. पहिल्या दोघींचे फोनही लागत नाहीत. तिने अर्जाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि जागेवर जाऊन माझंच अर्धवट राहिलेलं पत्र पुरं करायला घेतलं. तेव्हापासून मला चैन नाही.

कायम, कंत्राटी, मानधनावरचे, रोजंदारीवरचे, ठेकेदाराकडचे, निवृत्त, सगळ्यांनी लिहा. पगारातला फरक सगळ्यांना ठाऊक आहे. रोजच्या कामात जे दिसतं, जे सोसावं लागतं, ते सांगा. नाव आणि कार्यालय नको, पद आणि वर्षं पुरेत.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कंत्राटी, 11 वर्षं

आमच्याकडे खंड देतात. 11 महिने भरले की पुढचा आदेश निघेपर्यंत एक-दोन दिवस मस्टरवर नाव नसतं. पण पेशंटना खंड कुठे असतो? एका वर्षी नेमका पावसाळ्यात खंड आला. डेंग्यूच्या संशयितांची रांग लागलेली, आमचे कायम तंत्रज्ञ रजेवर. मला फोन आला, "ताई, या हो जरा." मी गेले. संध्याकाळपर्यंत रक्त काढलं, नमुने लावले. रजिस्टरमध्ये माझी सही चालणार नव्हती म्हणून ती डॉक्टरांनी केली. त्या दिवसाचं मानधन मिळालं नाही, त्याचं एक सोडून देऊ. हात धुताना मनात आलं, आज सुई टोचली असती तर? कागदावर मी त्या खोलीत नव्हतेच. दुसऱ्या दिवशी हे मोठ्या साहेबांना विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पुढच्या वेळी बोलावणार नाही." पुढच्या वर्षी बोलावलं, आणि मी गेले.

वरिष्ठ लिपिक, कायम, 22 वर्षं

कायम माणसाची बाजूही नोंदवतो. आमच्या शाखेत मंजूर पदं 7, भरलेली 3. उरलेलं काम कंत्राटी मुलं करतात, आणि चांगलं करतात. पण टिपणीवर सही माझी असते. आकडा चुकला तर नोटीस मला, विभागीय चौकशी माझी, आणि ती निवृत्तीनंतरही पिच्छा सोडत नाही. त्यामुळे त्यांनी केलेलं प्रत्येक पत्रक मी पुन्हा तपासतो. मुलांना वाटतं, दादांचा आपल्यावर विश्वास नाही. तसं नाही, पण हे त्यांना कसं सांगावं ते मला अजून जमलेलं नाही.

शिवाय कायम म्हणजे सगळे एका पंगतीत असंही नाही. राज्यात 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन, नंतरच्यांना अंशदायी योजना, म्हणजे पगारातून वर्गणी कापून जमणारी. मी आधीचा आहे, माझ्या समोरचा नंतरचा. मार्च 2023 च्या संपात आम्ही दोघं बरोबर बसलो होतो. कंत्राटी मुलं आत कामावर होती, कारण एक दिवस बसली असती तर दुसऱ्या दिवशी कदाचित त्यांची जागा राहिली नसती. गेटवरून ती खिडकीत दिसत होती. मला त्या दिवशी घोषणा देववत नव्हत्या.

वाहनचालक, बाह्ययंत्रणा (एजन्सीमार्फत), 5 वर्षं

साहेबांची गाडी मी चालवतो. रात्री 2 वाजता पूरस्थिती बघायला गेलो तरी मीच. कायमवाल्या चालकांना सणाला अग्रिम मिळतो, आम्हाला पगारच सणानंतर. बाकी साहेब माणूस चांगला आहे.

ठेकेदाराकडे सुपरवायझर, 6 वर्षं

मी मधला माणूस, दोन्हीकडून बोलणी खाणारा. पगार का लांबतो ते आतून सांगतो. कार्यालयाकडे अनुदान आलं नाही की बिल अडकतं. करारात लिहिलेलं असतं की बिल येवो न येवो, ठेकेदाराने पगार वेळेवर द्यायचा. पण छोट्या ठेकेदाराची 3-4 महिने थांबायची ताकद नसते.

खरी गोम टेंडरमध्ये आहे. किमान वेतन, पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) हे सगळं ठरलेलं असतं, म्हणून स्पर्धा होते ती फक्त सेवाशुल्कावर, म्हणजे ठेकेदाराच्या स्वतःच्या मोबदल्यावर. काम मिळवायला लोक शून्याच्या जवळचा दर भरतात. मग ठेकेदार कमावणार कशातून? मी पूर्वी जिथे होतो तिथे मुलांची एटीएम कार्डं ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असायची. खात्यावर पगार पूर्ण जमा व्हायचा, कागद स्वच्छ, आणि दुसऱ्या दिवशी त्यातला हिस्सा काढून घेतला जायचा. मला ती कार्डं सांभाळायला सांगितली तेव्हा मी काम सोडलं. त्याआधी 2 महिने सांभाळली, हेही खरं आहे.

अभियंता, सल्लागार म्हणून करारावर, 4 वर्षं

माझा अनुभव उलटा आहे. एका प्रकल्पात मला शेजारच्या कायम कनिष्ठ अभियंत्यापेक्षा जास्त पैसे मिळतात आणि त्याला ते माहीत आहे. सुरुवातीला तो बोलायचाही नाही. साइटवर खडी, लोखंड, काँक्रीट मी तपासतो, पण मोजमाप पुस्तिकेत (जिच्यावरून कंत्राटदाराचं बिल निघतं) नोंद आणि सही त्याचीच. एकदा स्लॅबच्या सळ्यांमधलं अंतर जास्त दिसलं. मी काम थांबवायला सांगितलं तर कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "तुमची सही कुठे लागते, साहेब?" तेव्हा तो कनिष्ठ अभियंता पुढे आला आणि म्हणाला, "हे म्हणतात तेच माझं म्हणणं." सळ्या सोडून पुन्हा बांधल्या. त्या दिवसापासून आम्ही डबा एकत्र खातो.

तासिका तत्त्वावर अध्यापन, 8 वर्षं

मे महिन्यात तासिका नाहीत, म्हणून पैसे नाहीत. पेपर तपासणी मात्र मे महिन्यातच असते. विद्यार्थी मला सरच म्हणतात, त्यांना हा भेद माहीत नाही. तो त्यांना कळू नये असंच वाटतं.

सफाई कामगाराची मुलगी

माझे बाबा आणि काका एकाच कचरागाडीवर होते. बाबा कायम, काका ठेक्यावर. पहाटे एकाच वेळी घरातून निघायचे, एकच गल्ली झाडायचे. बाबांना हातमोजे आणि गमबूट मिळायचे, काका बाबांचे जुने गमबूट आत कापड कोंबून घालायचे. बाबा गेले तेव्हा सफाई कामगारांसाठीच्या लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसाहक्काने भाऊ लागला. काका दोन वर्षांनी गेले, दम्याने. चुलतभाऊ ठेकेदाराकडे गेला, तर त्यांच्याकडे काकांचं नाव चुकीचं लिहिलेलं होतं. आडनाव वेगळं. तीन महिने त्या एका आडनावापायी फेऱ्या मारल्या. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "दोन्ही माझेच, मग एकाचं काम मोजलं, एकाचं का नाही?"

परिचारिका, कंत्राटी, 7 वर्षं

मला सातवा महिना आहे. माझा आदेश पुढच्या महिन्यात संपतोय. बाळंतपणाची रजा मागितली तर म्हणाले, आदेश संपल्यावर रजा कसली? माझ्यासोबतच्या कायम सिस्टरला 180 दिवस भरपगारी मिळाली. मी काय करू?

कामगारांच्या बाजूने वकिली, 19 वर्षं

परिचारिका ताई, आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 1961 चा मातृत्व लाभ कायदा नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलाय, पण 2017 च्या दुरुस्तीने आलेले पहिल्या दोन अपत्यांसाठीचे 26 आठवडे तसेच आहेत. मागच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असलं की पुरे. तो लाभ कराराच्या मुदतीनंतरही सुरू राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात ऑगस्ट 2023 मध्ये स्पष्ट केलंय, आणि त्याही करारावरच्याच डॉक्टर होत्या. निकालाची प्रत अर्जाला जोडा.

बाकीच्यांसाठी थोडं. सर्वोच्च न्यायालयाचा 2006 चा उमादेवी निकाल तुम्हाला नेहमी तोंडावर फेकला जातो, की मागच्या दाराने आलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही. पण त्याच निकालात मंजूर पदावर 10 वर्षं काम केलेल्यांसाठी एकदाची सोय सांगितली होती, ती कुणी वाचून दाखवत नाही. 2016 च्या जगजीत सिंग निकालात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतन हे तत्त्व लावलं. डिसेंबर 2024 मध्ये जग्गो प्रकरणात केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं साफसफाई आणि बागकाम करणाऱ्यांना न्यायालयाने कायम करायला लावलं, आणि उमादेवीचा कर्मचाऱ्यांविरुद्ध शस्त्रासारखा वापर करण्यावर नाराजी नोंदवली. प्रत्येकाचं प्रकरण जिंकेलच असं मी म्हणणार नाही. एजन्सीमार्फत असलेल्यांची लढाई जास्त अवघड असते. पण ती कागदावर लढली जाते, म्हणून कागद जपा: आदेश, ओळखपत्र, हजेरी, सोपवलेल्या कामाची पत्रं.

धागाकर्तीला: ऑपरेटर ताईंना पीएफचं पासबुक काढायला सांगा. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) एकच असेल तर प्रत्येक एजन्सीचं नाव आणि महिनावार भरणा त्यात दिसतो. 9 वर्षांचा तोच मोठा पुरावा. मधले महिने कोरे असतील, तर ठेकेदाराने न भरलेल्या वर्गणीची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कार्यालयावरही येते.

धागाकर्ती

काल जेवणाच्या सुट्टीत दोघींनी मिळून पासबुक काढलं. तिचा यूएएन दोन वेळा नवा काढलेला निघाला, म्हणजे जोडून घ्यायचं काम आहेच. चारही एजन्सींची नावं मिळाली. तिसऱ्या एजन्सीच्या काळातले 7 महिने कोरे आहेत. ती म्हणाली, "ताई, त्याच पावसाळ्यात आपण निवडणुकीच्या याद्या केल्या होत्या, रात्री 9 पर्यंत." मलाही आठवलं. त्या 7 महिन्यांची हजेरीपत्रकं बिलांच्या फाईलला लावलेली आहेत, प्रत्येकावर आमच्या कार्यालयाचा शिक्का आहे आणि तपासणाऱ्याची म्हणून माझी सही. सोमवारी साहेबांपुढे टिपणी ठेवतेय, प्रती मिळाव्यात म्हणून. टिपणी मीच लिहिलीये.