रॅम बदलण्याआधी ओपनब्लास या गणिती लायब्ररीचं बिल्ड बघा

मॅट्रिक्स गुणाकार करताना प्रोग्राम का कोसळतो, या तुमच्या प्रश्नावर कुणीतरी दिलेला 'रॅम खराब असेल, बदलून बघा' हा सल्ला पटला नाही. रॅम बिघडली की प्रोग्राम कुठेही कोसळतो. तुमचा मात्र दर वेळी मॅट्रिक्स गुणाकारावरच 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' (प्रोसेसरला न कळणारी सूचना) म्हणून बंद पडतोय. इंदूरला आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये हेच झालं होतं. नव्या सर्व्हरवर बिल्ड केलेलं, म्हणजे सोर्स कोडमधून तयार केलेलं, ओपनब्लास कुणीतरी जुन्या मशीनवर जसंच्या तसं कॉपी केलेलं! जीडीबी या डीबगरमध्ये कोसळलेली सूचना पाहिली तर तिच्यात झेडएमएम रजिस्टर, म्हणजे एव्हीएक्स-५१२ हा ठरावीक प्रोसेसरांतच असणारा सूचनांचा संच, आणि जुन्या प्रोसेसरच्या फ्लॅग्जमध्ये (क्षमतांच्या यादीत) त्याचा पत्ताच नाही.

डायनॅमिक आर्क हा बिल्डचा पर्याय चालू ठेवून पुन्हा बिल्ड करा, म्हणजे लायब्ररी प्रत्येक मशीनवर प्रोसेसर ओळखून त्याला चालणारा कर्नल (गणित करणारा कोड) निवडते. थ्रेड्स (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) एकावर आणून हा दोष जाणार नाही, त्यात वेळ घालवू नका.