विषय: व्हॅनचा एसी सिग्नलला बंद पडतोय, शनिवारच्या आत उपाय हवा

नमस्कार मंडळी,
तीच निळी व्हॅन. फ्रीवेवर गारेगार. फिनिक्सभोवतीच्या लूप १०१ फ्रीवेवरून उतरलो आणि दोन सिग्नल लागले की पाच-सात मिनिटांत कोमट हवा. पुन्हा वेग घेतला की आपोआप सुरू. शनिवारी मेसाहून पाच आजी-आजोबांना गणपतीच्या हॉलवर आणायचंय आणि पारा ४४ च्या खाली उतरत नाहीये. काल गॅसचा एक कॅन आणून भरला, तर आज आधीपेक्षा लवकर बंद झाला. कोणाला माहीत असेल तर आज रात्रीच कळवा.
— मु. शि., चँडलर

---

गॅस अजून कमी असणार. आमच्या गाडीला दोन कॅन लागले होते, त्यानंतर दोन उन्हाळे काही झालं नाही. अजून एक भर.
— ग. पा., गिल्बर्ट

---

मु., दुसरा कॅन अजिबात भरू नकोस. मी भोसरीला कारखान्यात एसीच्या कंडेन्सरच्या (गाडीच्या तोंडाशी असलेली, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) लाइनवर नऊ वर्षं काढली आहेत, म्हणून हक्काने सांगतो.
फ्रीवेवर गार आणि उभ्या गाडीत गरम, यातच सगळं आलं. गॅस कमी असता तर बहुधा फ्रीवेवरही गारवा कमी लागला असता. गाडी पळते तेव्हा समोरून येणारा वारा कंडेन्सर थंड करतो. गाडी थांबली की ते काम पंख्याचं. पंखा फिरला नाही तर गॅसचं प्रेशर चढत जातं, बहुतेक गाड्यांत ४०० पीएसआयच्या (दाबाचं माप) पुढे गेलं की कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, आपोआप तोडला जातो, म्हणजे बंद होतो. प्रेशर उतरलं की परत जोडला जातो. तुला दिसतंय ते हेच. त्यात तू वरून गॅस भरलास, म्हणून ते आता लवकर चढतंय.
उद्या सकाळी बॉनेट उघड, इंजिन चालू, एसी फुल. दोन्ही पंखे फिरतायत का बघ. हात आत घालू नकोस, बंद पंखा अचानक सुरू होतो. मग बागेतल्या पाइपने समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर पाण्याची हलकी धार धर. पाणी पडत असताना एसी टिकला तर दोष उष्णता बाहेर टाकण्यात आहे, कॉम्प्रेसरमध्ये नाही.
— काका, टेंपी

---

एसीचं तुम्ही बघा, पण एक सांगायचं राहतंय. ज्येष्ठांची ने-आण गेली चार वर्षं वाहतूक समिती बघते. गाडीची अडचण होती तर आधी आम्हाला फोन यायला हवा होता. मागच्या संक्रांतीला ऐनवेळी गाडी बदलली आणि एक आजी पाऊण तास पार्किंगमध्ये उभ्या होत्या. ते पुन्हा नको. माझी गाडी शुक्रवारी रात्रीपासून मोकळी ठेवतेय.
— वाहतूक समितीतर्फे, सु. दे.

---

सुताई, त्याच व्हॅनमधून मूर्तीही येणार आहे ना? शाडूची आहे. बंद गाडीत अर्धा तास ठेवली तरी रंग चिकट होतो, गेल्या वर्षी सोंडेवर बोटाचा ठसा उमटला होता. मूर्ती माणसांबरोबरच न्यायची, आधी नेऊन गाडीत ठेवायची नाही.
— वहिनी, स्कॉट्सडेल

---

काका, माझ्या कॅनवरच्या मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात आला होता. मग जास्त गॅस कसा झाला?
— ग. पा.

---

ग., तो मीटर फक्त लो साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं प्रेशर दाखवतो. किती ग्रॅम गॅस आत आहे ते त्यावरून कळत नाही, आणि फिनिक्सच्या उन्हात तर मुळीच नाही. बॉनेटखाली स्टिकर असतं, त्यावर ग्रॅममध्ये वजन लिहिलेलं असतं. मोठ्या कॅनमध्ये साधारण ३४० ग्रॅम असतो, म्हणजे एका कॅननेही हिशोब बिघडतो. बरोबर पद्धत एकच, यंत्राने सगळा गॅस काढून घ्यायचा, व्हॅक्यूम करायचा आणि वजन करून भरायचा. मु., घरी वॉल्व्ह दाबून हवेत सोडू नकोस. कायद्याने बंदी आहे आणि बोटं गारठून भाजतात.
— काका

---

इंजिन तापलं तरी कॉम्प्युटर एसी बंद करतो, टेंपरेचरचा काटा बघा. नागपूरला मे महिन्यात आमच्या मारुतीचा काटा लाल झाला की बाबा एसी बंद करून हीटर लावायचे, चारी काचा खाली. इंजिनची उष्णता आत ओढली जायची. आई ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायची, पण वर्ध्यापर्यंत गाडी गेली.
— नि. वा., पिओरिया

---

मंडळी, निदान झालं.
काटा मधोमध, इंजिन ठीक. डावीकडचा पंखा फिरतो, उजवीकडचा जागचा हलत नाही. पाण्याची धार धरली तर एसी वीस मिनिटं एकदाही तुटला नाही, पाणी बंद केल्यावर सहाव्या मिनिटाला टक आवाज करून तुटला. पंख्यांचे रिले (विजेवर चालणारे स्विच) एकाच नंबरचे होते, अदलाबदल केली, काही फरक नाही. मग इंजिन बंद करून मोटर लांब स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकली. पुन्हा चालू केल्यावर पंखा कण्हत दहा-बारा सेकंद फिरला आणि थांबला. काका म्हणाले, ब्रश झिजलेत, मोटर बदल.
आज काका स्वतः आले, दोन तासांत मोटर बसवली. संध्याकाळी वर्कशॉपमध्ये गॅस काढला. स्टिकरवर ८५० ग्रॅम, आत ११०० च्या वर निघाला. मोजून भरला. नंतर मुद्दाम रूरल रोडने संध्याकाळच्या गर्दीत पाऊण तास फिरलो, एकदाही तुटला नाही.
सुताई, आधी तुम्हालाच फोन करायला हवा होता, चुकलं. तुमची गाडी मागे असू द्या. मी ८ ला मेसाहून निघतो. वहिनी, मूर्ती तुमच्या मांडीवर, मधल्या सीटवर.
— मु. शि.