स्लीव्ह शस्त्रक्रियेला चार वर्षे झाली. वजन पुन्हा वाढते आहे आणि पायांना मुंग्या येतात

कृष्णाकाठ:

नमस्कार. माझे वय ४३, राहणार सांगली. चार वर्षांपूर्वी पुण्यात माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा वजन ११८ किलो होते, मधुमेहाच्या दोन गोळ्या चालू होत्या आणि झोपेत श्वास अडकत असल्यामुळे रात्री सीपॅपचे मशीन लावावे लागत होते. दीड वर्षात वजन ७४ किलोवर आले, गोळ्या बंद झाल्या, आणि झोपेची तपासणी पुन्हा करून डॉक्टरांनी मशीनही काढायला सांगितले. दुसऱ्या वर्षाच्या रक्ततपासण्या चांगल्या आल्यानंतर मी पुण्याला जाणे सोडले आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्याही हळूहळू बंद केल्या. तसे करा असे मला कोणी सांगितले नव्हते; आपण आता बरे झालो आहोत, असे माझे मीच ठरवले.

गेल्या दीड वर्षात वजन ८३ झाले आहे. एका वेळी मी आजही फार खाऊ शकत नाही. सकाळी चहा आणि चार बिस्किटे, मग चार घास पोहे, दुपारी वाटीभर वरणभात, चारच्या सुमारास पुन्हा चहा-बिस्किटे, कामात असताना येता-जाता मूठभर चिवडा आणि रात्री मऊ खिचडी. भाकरी आणि उसळ घशाखाली अडकल्यासारखी वाटते, म्हणून ती जवळजवळ सुटलीच आहे. तीन-चार महिन्यांपासून तळपायांना मुंग्या येतात, जिना चढताना दम लागतो, आणि मागच्या आठवड्यात देवळाच्या पायऱ्या उतरताना एका पायातली चप्पल निसटून मागे राहिली ते मला चार पायऱ्या खाली आल्यावर, दगड थंड लागला तेव्हा कळले. उपाशीपोटीची साखर ९८ आहे.

माझे जठर पुन्हा ताणले गेले असेल का? दुसरी शस्त्रक्रिया करावी लागेल का? आणि खरे सांगायचे तर, नऊ किलो वाढवून त्याच सर्जनसमोर जायला मला फार संकोच वाटतो.

पिंपळपान:

ताई, मी आहारतज्ज्ञ आहे आणि गेली अनेक वर्षे या शस्त्रक्रियेच्या रुग्णांबरोबर काम करते. वजनाचे आपण नंतर बोलू. आधी पायांचे बोलणे आवश्यक आहे, कारण त्यात उशीर चालत नाही.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात आणि उरते ती एक अरुंद नळी. अन्नातले बी-१२ शोषले जाण्यासाठी जठरातले आम्ल लागते आणि तिथेच तयार होणारे एक प्रथिनही लागते. दोन्ही आता कमी झालेली असतात. मात्र यकृतात बी-१२चा मोठा साठा असतो आणि तो काही वर्षे पुरतो, त्यामुळे दुसऱ्या वर्षाचा अहवाल चांगला येतो, माणूस निश्चिंत होतो आणि तुटवडा तिसऱ्या-चौथ्या वर्षी जाणवू लागतो. तुमच्या आहारात अंडी, मासे किंवा मटण दिसत नाही, म्हणजे बाहेरूनही भर पडत नाही. चप्पल निसटल्याचे न कळणे ही खूण मी गंभीर मानते. बी-१२ची कमतरता लांबली तर मज्जातंतूंची हानी पूर्ण भरून येईलच असे नाही. म्हणून पुण्याची तारीख मिळेपर्यंत थांबू नका. उद्याच सांगलीतल्या फिजिशियनना दाखवा आणि 'माझी स्लीव्ह झाली आहे, गोळ्या दोन वर्षे बंद आहेत' हे पहिल्याच वाक्यात सांगा. बी-१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड संप्रेरक, थायामिन, तांबे आणि तीन महिन्यांची सरासरी साखर या तपासण्यांविषयी त्यांना विचारा. तोपर्यंत दुकानातून नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आणून घेऊ नका, कारण त्यांनी रक्त सुधारलेले दिसते आणि बी-१२अभावी नसांची हानी मात्र आत चालूच राहते.

आता वजन. जठर थोडे सैलावते हे खरे आहे, पण तुमच्या लिहिण्यात मला त्याहून मोठे कारण दिसते. बिस्किट चहात भिजून, चिवडा चावून आणि खिचडी आधीच मऊ असल्यामुळे हे सारे त्या अरुंद नळीतून सहज खाली उतरते, पोट भरल्याची जाणीव देत नाही आणि तासाभराने पुन्हा काहीतरी खावेसे वाटते. भाकरी आणि उसळ तिथे थांबतात, म्हणून त्या 'अडकतात' असे वाटते आणि माणूस नकळत नेमके तेच सोडतो ज्याने पोट भरले असते. तुम्ही दिलेल्या यादीत माझ्या अंदाजाने दिवसाकाठी २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आहेत. तुम्हाला किमान ६० ग्रॅम हवीत. ताटात पहिला घास उसळीचा, पनीरचा किंवा चालत असेल तर अंड्याचा घ्या, तो नखाएवढा घ्या आणि पेस्ट होईपर्यंत चावा. भात शेवटी, जागा उरली तर. जेवताना पाणी नको, नंतरही अर्धा तास थांबा. एवढे करूनही घन पदार्थ अडकत असतील, उलटी होत असेल किंवा रात्री आंबट पाणी वर येत असेल, तर नळी कुठे अरुंद झाली आहे का हे दुर्बिणीतून पाहावे लागते. तो निर्णय सर्जनचा.

तुम्ही नऊ किलो मोजत आहात. मी ११८ वरून ८३ मोजते, म्हणजे मूळ वजनाच्या जवळजवळ ३० टक्के घट आजही टिकून आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात जठराची बायपास (जठर लहान करून ते आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले आणि दहाव्या वर्षी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. त्या अभ्यासात स्लीव्हचे रुग्ण नव्हते, पण तळ गाठल्यावर थोडे वजन परत येणे हा शरीराचा स्वभाव आहे, एवढे त्यातून नक्की कळते. सर्जनला हे ठाऊक असते. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार फार पुढचा. त्याआधी आहार, व्यायाम आणि आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जाणारी वजन उतरवण्याची इंजेक्शनेही आहेत.

दर्यावर्दी:

माझी बायपास होऊन नऊ वर्षे झाली. संकोचाबद्दल लिहितो, कारण तो मीही केला आणि त्याची किंमत मोजली. पाचव्या वर्षी माझे वजन अकरा किलोंनी वाढले होते. 'एवढा खर्च करून शेवटी हेच का?' असे घरात एकदा बोलले गेले आणि मी तपासणीला जाणेच बंद केले. त्याच काळात गुडघा दुखू लागला, तेव्हा मेडिकलमधून मिळेल ती वेदनाशामक गोळी आणून मी दोन महिने घेत राहिलो. बायपासनंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो, हे मला डिस्चार्जच्या कागदावर लिहून दिले होते. तो कागद फायलीत होता आणि मी फाईल उघडत नव्हतो. एके दिवशी शौचाला डांबरासारखे काळे झाले आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्त चढवावे लागले.

त्यानंतर सर्जनकडे गेलो तेव्हा वजनावर ते एक वाक्यही बोलले नाहीत. त्यांनी विचारले, 'मधली तीन वर्षे कुठे होता?' त्या प्रश्नात रागापेक्षा काळजी होती, आणि मला तिथे बसल्या बसल्या रडू आले.

ज्यांची बायपास झाली आहे त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. वजन उतरल्यावर आतड्यांच्या मागे फटी राहतात आणि कित्येक वर्षांनीही त्यात आतडे अडकू शकते. जेवणानंतर पोटात पीळ पडून कळा येत असतील, तर अ‍ॅसिडिटी समजून घरी थांबू नका. थेट अशा रुग्णालयात जा जिथे बॅरिएट्रिक (वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रिया करणारा) सर्जन आहे.

सोनचाफा:

माझ्या धाकट्या बहिणीची स्लीव्ह झाली आहे, म्हणून घरच्या बाजूने दोन शब्द लिहिते. आपल्याकडे आग्रह हा प्रेमाचाच भाग असतो. पंगतीत 'अगं, एवढंसं काय खातेस' म्हणून ताटात जिलेबी वाढली जाते आणि तीच बाई महिन्याभराने 'परत सुटलीस की' असेही म्हणते. बहिणीला हे दोन्ही ऐकून घ्यावे लागले. शेवटी आमच्या आईने तिच्यासाठी एक लहान वाटी आणि चहाचा चमचा वेगळा काढून ठेवला आणि सणावारी तिच्या पानाशी आई स्वतः बसू लागली. वाढायला आलेल्या हाताला आईच 'तिला पुरे' म्हणते. ताई, तुमच्या घरात असे एक माणूस ठरवून घ्या. नाही म्हणण्याचे ओझे दर वेळी तुमच्या एकट्यावर नको.

कृष्णाकाठ:

सर्वांची मनापासून आभारी आहे. पिंपळपान यांचा प्रतिसाद वाचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच फिजिशियनकडे गेले. बी-१२ १३६ आले, हिमोग्लोबिन ९.१ आणि फेरिटिन ७, तिन्ही कमी. तीन महिन्यांची साखर ५.८ आहे. बी-१२ची इंजेक्शने लगेच सुरू झाली आहेत आणि पायांच्या नसांची तपासणी बुधवारी आहे. पुण्याला फोन केला, तेव्हा तिथल्या समन्वयक ताईंनी माझा जुना क्रमांक विचारला आणि पुढच्या शुक्रवारची वेळ दिली. इतकी वर्षे का आला नाहीत, असे काही विचारले नाही. दर्यावर्दी, तुमचे वाचले नसते तर तो फोन मी आजही केला नसता.

एक शंका आहे. लोहाची गोळी आणि कॅल्शियम दोन्ही लिहून दिले आहे. दोन्ही सकाळी एकदम घेतले तर चालेल का?

पिंपळपान:

नको. दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवा, कारण कॅल्शियम लोहाचे शोषण अडवते. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घेऊ नका. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली. कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातले आहे का ते पाकिटावर पाहा, कारण कार्बोनेट शोषले जायला जे आम्ल लागते ते तुमच्याकडे कमी आहे. कार्बोनेट असेल तर फिजिशियनना विचारून बदलून घ्या. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको, म्हणून दिवसातून दोन-तीनदा विभागून घ्या. शुक्रवारी जाताना आठवडाभर काय खाल्ले ते वहीत लिहून न्या, चिवड्याच्या मुठीसकट.