केनियाच्या 'बुंगे'ला, म्हणजे संसदेला, मराठीत काय म्हणावं?

विचारणा : केनियावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. तिथल्या नॅशनल असेंब्लीला विधानसभा म्हणू की लोकसभा? सीनेटला राज्यसभा चालेल ना?

उत्तर : यातलं एकही नको. विधानसभा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राज्याचं सभागृह येतं. लोकसभा हे तर विशेषनामच. आणि राज्यसभेचे खासदार आपले आमदार निवडून पाठवतात, तर केनियात 47 काउंट्यांचे (म्हणजे तिथल्या प्रादेशिक विभागांचे) 47 सीनेटर मतदार थेट निवडतात. उरलेले 20 पक्षांनी जिंकलेल्या जागांच्या प्रमाणात नामनियुक्त होतात : 16 महिला, 2 तरुण, 2 अपंग प्रतिनिधी. राज्यसभा लिहिलंत तर हा सगळा फरक पुसला जाईल.

संपूर्ण संसदेला स्वाहिलीत 'बुंगे' म्हणतात. खासदार तो 'म्बुंगे', अनेक असले की 'वाबुंगे'. आपण शब्दाच्या शेवटाला हात घालतो, स्वाहिली आरंभाला. मला हे फार आवडतं. सरकारला 'सेरिकाली' म्हणतात, तोही फारसीतून गेलेला आपला 'सरकार'च. मंत्री म्हणजे 'वाझिरी', आपला वजीर. पण 2010च्या राज्यघटनेनुसार मंत्र्याला खासदार राहता येत नाही, तेव्हा 'मंत्री' लिहिताना एक ओळ खुलासा द्याच.

विचारणा : मग 'राष्ट्रीय सभा' करू?

उत्तर : मोह होतो खरा, पण टिळकांच्या काळापासून मराठीत राष्ट्रीय सभा म्हणजे काँग्रेस. जुनं वाचलेला माणूस अडखळेल. 'नॅशनल असेंब्ली' तसंच ठेवा, पहिल्या वेळी 'कनिष्ठ सभागृह' जोडा.

दुसरं उत्तर : 'महिला प्रतिनिधी' या पदाकडेही लक्ष द्या. असेंब्लीत अध्यक्ष सोडून 349 सदस्य : 290 मतदारसंघांतून, 12 नामनियुक्त आणि 47 महिला, प्रत्येक काउंटीतून एक. आपण 'राखीव जागा' म्हणतो तेव्हा असलेल्याच जागांपैकी काही राखलेल्या असतात. इथे जागाच वेगळ्या, आणि मतदारसंघ म्हणजे अख्खी काउंटी. या महिला उमेदवाराला मत पुरुषही देतात. 'महिलांची प्रतिनिधी' असं लिहू नका, 'काउंटीची महिला खासदार' लिहा. मतदाराच्या हाती एकाच दिवशी सहा मतपत्रिका येतात. खासदाराची हिरवी, हिची जांभळी.

विचारणा : वाक्य असं केलंय : 'ऑगस्ट 2022मध्ये केनियाच्या मतदारांनी संसदेची दोन्ही सभागृहं निवडली, कनिष्ठ नॅशनल असेंब्ली आणि वरिष्ठ सीनेट.'

उत्तर : छान. फक्त 'निवडली'च्या जागी 'सभागृहांसाठी मतदान केलं' करा. नामनियुक्तांना कुणी मत दिलेलं नसतं.